नसलेल्या रॅम्पची दुरुस्ती

नागपुरात गांधीबागेच्या मागे एक बुनकर वस्ती आहे. एकेकाळी तिथे घरोघरी हातमाग खटखटायचे, आता तयार कपड्यांची गोदामं आहेत. त्या वस्तीतली सरकारी उच्च प्राथमिक शाळा सरकारच्या दृष्टीने अगदी आदर्श आहे. तिच्यात वाचनालय आहे, विज्ञान प्रयोगशाळा आहे, परसबाग आहे आणि दिव्यांग मुलांसाठी कठड्यासह रॅम्प आहे. हे सगळं पाहायला तुम्ही प्रत्यक्ष शाळेत गेलात तर निराश व्हाल, पण त्यात शाळेचा दोष नाही. तुम्ही चुकीच्या ठिकाणी गेलात. ते सगळं पोर्टलवर आहे.

भारती निनावे ही या शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे काम मुख्याध्यापिकेचं, पगार शिक्षिकेचा आणि बोलणी दोघींच्या वाट्याची. ती याच वस्तीतल्या नत्थूजी विणकराची मुलगी. याच शाळेत शिकली आणि चार वर्षांपूर्वी बदली होऊन इथेच आली. शाळेविषयी तिला माया होती. पण माया असली म्हणून पोर्टलवर खरं लिहिता येतं असं नाही.

त्याची रीतच ठरलेली होती. दरवर्षी सुविधांची माहिती भरायचा दिवस आला की केंद्रातल्या बारा शाळांचे मुख्याध्यापक एका शाळेत जमत. केंद्रप्रमुख उन्मेष सर तर्री-पोहे मागवत. मग एक जण मोठ्याने प्रश्न वाचायचा आणि बाकी अकरा जण मागच्या वर्षीचं उत्तर पुढे ओढायचे. मागच्या वर्षी 'होय' होतं, कारण त्याच्या मागच्या वर्षी 'होय' होतं. सगळ्यांत पहिलं 'होय' कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. तो मनुष्य बहुधा निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असावा.

'नाही' लिहायला बंदी नव्हती. फक्त 'नाही' लिहिलं की वरून खुलासा मागत. का नाही, कधीपासून नाही, नसताना आपण काय करत होता, तीन प्रतींत कळवा. उलट 'होय'ला कुणी काही विचारत नसे. उन्मेष सरांचं केंद्र सलग सहा वर्षं शंभर टक्के सुविधायुक्त होतं आणि त्याची दोन प्रशस्तिपत्रं त्यांच्या कपाटावर होती. गंमत एवढीच की सरकार ज्या सुविधांना पैसा देतं तो 'नाही'वाल्या शाळांना देतं. आता सगळ्याच शाळा 'होय'वाल्या असल्यावर पैसा जाणार कुठे? तो मार्चअखेर आला तसा परत जाई. मग एप्रिलच्या बैठकीत सगळे मुख्याध्यापक एका सुरात म्हणत की सरकार शाळांना पैसाच देत नाही.

भारतीनेही चार वर्षं पोहे खाल्ले होते आणि चार वर्षं स्वतःच्या बोटाने 'होय' दाबलं होतं. रॅम्प कुणाला लागला नव्हता, म्हणून तिलाही काही वाटलं नव्हतं. यंदा जूनमध्ये सोनिका सहावीत आली आणि वाटायला लागलं.

सोनिका बारा वर्षांची. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात कुबडी, आणि तोंड असं चालणारं की वर्गात तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. पाचवीपर्यंत ती पलीकडच्या बैठ्या शाळेत होती. तिथे उंबरठासुद्धा नव्हता. पुढचे वर्ग मात्र इथेच. आणि इथे नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून शाळा उंच जोत्यावर बांधलेली, दारासमोर पाच दांडग्या पायऱ्या, प्रत्येक पायरी आठ-आठ इंचांची. आई करिष्मा धंतोलीतल्या एका दवाखान्यात साफसफाईच्या कामाला होती. दुपारपाळी असली की ती सकाळी येऊन लेकीला उचलून वर ठेवायची. सकाळपाळी असली की सोनिका घरीच. शिक्षकांनी उचलायची तयारी दाखवली, पण सोनिका आता कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हती आणि ते बरोबरच होतं. सुताराकडून एक फळीही आणून टाकली. पहिल्याच दिवशी ती सरकली आणि सोनिकाचं कोपर फुटलं.

जुलैच्या अखेरीस करिष्मा ऑफिसात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, माही कंबर गेली आता," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनते वजन उचलू नको. पोरगी तर वाढूनच राहिली. हे साल पाहते मी. सोय झाली तर ठीक, नाही तर मंग सातवीत नाही धाडत. घरीच राहीन ते."

भारतीने सोय होईल म्हणून शब्द दिला. देऊन बसली आणि मग तिला आठवलं, की सोय कागदोपत्री आधीच झालेली होती.

शिक्षण विभागाच्या कार्यालयात बांधकामाचं टेबल कृष्णकांत बाबूंकडे. माणूस वाईट नव्हता. उलट अख्ख्या इमारतीत नियम माहीत असलेला तो एकटाच, आणि म्हणून सगळे त्याला टाळत. त्यांनी शाळेचा क्रमांक टाकला, चष्मा वर केला आणि पडदा भारतीकडे फिरवला.

"रॅम्प तर हाय मॅडम तुमच्याकडे. कठड्यासकट हाय. आन् भरनार कोन? भारती निनावे."

भारतीने खालच्या आवाजात सांगितलं की तसं लिहिलंय खरं, पण नाही. बाबूंना नवल वाटलं नाही. नवीन रॅम्पला पैसा आहे, ते म्हणाले, केंद्र सरकारचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस, दोन्ही येऊन पडलेत, खाणारं कुणी नाही. पण तो ज्यांच्याकडे रॅम्प नाही त्यांना. तिने विचारलं की 'होय'चं 'नाही' करता येत नाही का. येतं, बाबू म्हणाले, त्यासाठी वेगळा अर्जही आहे. फक्त त्यात एक रकाना आहे, की आधीचा रॅम्प गेला कुठे. रॅम्प ही शासकीय मालमत्ता. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जोडायची.

भारतीच्या डोळ्यांसमोर ठाण्यातला हवालदार आला. रॅम्प कधी चोरीला गेला, कुणावर संशय आहे, रंग कोणता होता, असं तो विचारणार. ती उठून थेट उन्मेष सरांकडे गेली. सर प्रतापनगरात राहत, शुद्ध बोलत आणि कुणाला दुखवत नसत. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमची तळमळ मला कळते," सर म्हणाले. "पण तुमच्या एका 'नाही'मुळे बाराही शाळांची तपासणी लागेल. बारा मुख्याध्यापकांच्या वेतनवाढी एका मुलीसाठी पणाला लावणं, हे मला माणुसकीला धरून वाटत नाही."

माणुसकीचा हा अर्थ तिला नवीन होता. स्वतःच्या खिशातून बांधावा तर तेही जमण्यासारखं नव्हतं. सरकारी इमारतीला विनापरवाना वीट लावता येत नाही. तिच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी वर्गणी काढून संडासाला आडोशाची भिंत घातली होती. भिंत पडून दोन वर्षं झाली, चौकशी अजून उभी होती.

शेवटी वाट दाखवली ती कृष्णकांत बाबूंनीच, आणि तीही चहाच्या टपरीवर. नवीन मिळत नसेल तर जुन्याची दुरुस्ती मागा. दुरुस्तीचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं. अठरा हजार मिळतात, फक्त मोडक्या रॅम्पचा फोटो लागतो, ठिकाण आणि वेळ छापलेला. म्हणजे आता नसलेला रॅम्प मोडलाय असं दाखवायचं. भारती दोन रात्री नीट झोपली नाही. चार वर्षं खोटं बोलताना तिला एकदाही जड गेलं नव्हतं, कारण ते सगळ्यांनी मिळून बोललेलं होतं. हे एकटीने बोलायचं होतं. पण सोनिका त्या आठवड्यात एकच दिवस शाळेत आली आणि भारतीने अर्ज टाकला.

मोडका रॅम्प बांधायचं काम वस्तीतल्या मारोतराव मिस्त्रींनी घेतलं. पाडलेल्या घराचा एक हातगाडी मलबा त्यांनी पायऱ्यांच्या बाजूला आणून ओतला. भारतीला वाटलं, झालं. पण म्हातारा कलाकार निघाला. तीस वर्षं लोकांची घरं सरळ बांधून कंटाळलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाकडं बांधायची मुभा मिळाली होती. त्यांनी मलब्याला उतार दिला, वर सिमेंटचा हात मारून तो मुद्दाम फोडला, आणि एक गंजकी सळई वाकवून खुपसली. हा कठडा, म्हणाले. फोटो इतका खरा आला की भारतीलाही क्षणभर वाटलं, इथे काही तरी होतं बुवा. वाईटही वाटलं. चांगला रॅम्प होता, गेला.

दसरा झाल्यावर कनिष्ठ अभियंता पंकज पाहणीला आले. तरुण, नवी नोकरी, पायात नवे बूट. कामाच्या बाबतीत ते प्रामाणिक होते आणि तिथेच घात झाला. त्यांनी मलब्याभोवती दोनदा फेरी मारली, बुटाने एक ढेकळ पाडलं आणि गंभीर झाले. ही रचना दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, ते म्हणाले. पाया दिसत नाही. भारती मनात म्हणाली, पाया कसा दिसेल. लहान मुलांच्या जिवाला धोका आहे, तातडीने पाडा, असा शेरा मारून ते निघून गेले.

भारतीने कपाळावर हात मारून घेतला. पण कृष्णकांत बाबूंचा चेहरा उजळला. अहो मॅडम, ते म्हणाले, रॅम्प सरकारनेच पाडला तर पोर्टलवर आपोआप 'नाही' होते. मंग नवीनसाठी तुम्ही पात्र. भारतीला एवढा आनंद झाला की तिने परतताना वर्गासाठी अर्धा किलो पेढे घेतले. चार वर्षांत मिळालं नव्हतं ते तिला मिळणार होतं, एक अस्सल, सरकारमान्य 'नाही'.

बांधायला पैसा यायला वर्षं लागतात, पाडायला मात्र पंधरा दिवसांत आला. ठेकेदाराची माणसं डिसेंबरातल्या एका रविवारी आली, शाळा बंद असताना. त्यांच्या हातातल्या कागदावर कठड्यासह रॅम्पचं घनमाप होतं, पोर्टलवर होतं तेवढं. मारोतरावांची हातगाडी त्याच्या चौथाईसुद्धा भरेना. ठेकेदाराला पैसे मापावर मिळत. माप पुरं करायला जवळ जे होतं ते त्याने पाडलं.

सोमवारी सकाळी भारती फाटकातून आत आली तर शाळेला पायऱ्या नव्हत्या. दार होतं, कुलूप होतं, पण दोन्ही सव्वातीन फुटांवर, हवेत. खाली अंगण झाडून स्वच्छ केलेलं. एकसष्ट पोरं तोंडं उघडी टाकून वर पाहत होती. जोशी सरांनी उडी मारून पाहिली आणि त्यांची पॅन्ट उसवली. मग भारतीने शाळा अंगणातल्या कडुलिंबाखाली भरवली.

त्या गर्दीत सोनिका होती. करिष्माची सकाळपाळी होती, ती लेकीला फाटकाशी रिक्षातून उतरवून, आता पुढे तुझं तू पाहा म्हणून, रडकुंडीला येऊन निघून गेली होती. सोनिका कुबडी टेकत अंगणातून आली, लिंबाखाली पहिल्या रांगेत बसली आणि म्हणाली, आज तर सगळेच खाली हायेत.

पुढचे तीन आठवडे शाळा अंगणात चालली. नागपूरची थंडी, कोवळं ऊन, पोरं खुशीत. खडू आणि फळा काढायला एक सर खुर्चीवर चढून आत जात. सोनिका सहाच्या सहा दिवस येऊ लागली. आधी आठवड्यातून दोनदा येणारी ही मुलगी वर्गात गणितात तिसरी आहे, हे भारतीला तेव्हा कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. इतके महिने आपण हिच्या पायाचीच काळजी करत होतो, डोक्याकडे पाहिलंच नाही.

वर मात्र हाहाकार उडाला. एका मुलीला आत जाता येत नव्हतं तेव्हा ती योजना होती, प्रस्ताव होता, पुढच्या वर्षीचा आराखडा होता. सगळ्यांनाच आत जाता येईना म्हटल्यावर ती आपत्ती झाली. उन्मेष सर स्वतः पाहायला आले. हजेरीपट बघायला त्यांना आत जायचं होतं, म्हणून दोघांनी खालून लोटलं आणि एकाने वरून ओढलं. खाली उतरल्यावर त्यांनी शर्ट नीट केला आणि तिथल्या तिथे फोन लावला. अकराव्या दिवशी आपत्कालीन निधी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात होता. मंजुरीत पाच पायऱ्या, वर काळा ग्रॅनाइट, दोन्हीकडे स्टीलचे चकाकते कठडे. ग्रॅनाइट काहून, असं भारतीने विचारलं. उद्घाटनाला पाहुणे येतील, उत्तर मिळालं.

आणि रॅम्प? कृष्णकांत बाबूंनी खरं तेच सांगितलं. 'नाही' झालंय. एप्रिलमध्ये प्रस्ताव, मग मंजुरी, मग निधी. सगळं सुरळीत झालं तर सोनिका आठवी पास होऊन जाईल तोवर होऊन जाईल.

त्या संध्याकाळी मारोतराव अंगणात दोरी लावून पायऱ्यांची आखणी करत होते. भारती लिंबाखाली उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, यात काहीच चुकीचं नाही. पायऱ्या मंजूर आहेत, पायऱ्या होतील, सोमवारी साठ पोरं धावत वर जातील आणि एक फाटकाशी उभी राहील. कुणालाही नोटीस येणार नाही. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यांत नियमाला धरून असलेला अन्याय होता आणि त्यावर सही तिचीच होती.

"मारोतराव," ती म्हणाली, "ग्रॅनाइट नको. स्टील नको. पायऱ्याच नको."

"मंग लोकं चढतीन कशावरून?"

"सोनिका ज्याच्यावरून चढंल त्याच्यावरून. तिले चढता आलं तर सगळ्याइले चढता येते. उलटं नाही होत."

म्हाताऱ्याने दोरी गुंडाळली. भिंतीला धरून पार टोकापर्यंत नेऊन परत वळवावा लागेल, त्याशिवाय उतार सोपा येत नाही, ते म्हणाले. ग्रॅनाइटच्या पैशात भागेल, साधा खरबरीत कोबा करू, पाय घसरणार नाही, कडेला विटांचा कठडा. यावेळी वाकडं काही बांधायचं नव्हतं, आणि म्हातारा नऊ दिवस लेव्हल-नळी हातातून न सोडता राबला. समितीच्या अध्यक्ष शोभाताई भाजीचा ठेला लावत. त्यांनी ठरावावर सही करताना एवढंच विचारलं की माझा ठेला यावरून जाईल का. मग म्हणाल्या, ठेला जाते तर पोरगी जाईनच.

उद्घाटनाच्या दिवशी उन्मेष सर अर्धा तास आधी आले, फोटोची जागा ठरवायला. भिंतीलगत लांबच लांब गेलेला, वळून दारापर्यंत आलेला राखाडी उतार त्यांनी पाहिला. मग त्याच्या मागे पाहिलं. मग बाजूला पाहिलं.

"मॅडम, पायऱ्या कुठे आहेत?"

"नाहीत सर," भारती म्हणाली. "लेखी देऊ का?"

सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. हा निधीचा गैरवापर आहे, ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाहुण्यांना फोन करून कार्यक्रम पुढे ढकलला गेला. मग सरांना सही करायला आत जायचं होतं. ते क्षणभर थांबले, इकडे तिकडे पाहिलं आणि रॅम्पवरून वर गेले. त्यांचे गुडघे दुखत असावेत, कारण वळणावर कठड्याला हात लावून ते म्हणाले की उतार बरा घेतलाय. ते शब्द अहवालात आले नाहीत.

नोटीस महिनाभरात आली. मंजूर पायऱ्यांचा अपहार केल्याबद्दल दोन वेतनवाढी का रोखू नयेत, तीन प्रतींत कळवा. भारतीने कळवलं. पायऱ्या बांधल्या नाहीत, मुद्दाम बांधल्या नाहीत, मुलीला शाळेत येता यावं म्हणून बांधल्या नाहीत. आधीचा रॅम्प कधीच नव्हता आणि तो आहे असं चार वर्षं मीच भरलं, हेही लिहिलं. वेतनवाढी गेल्या. कृष्णकांत बाबू म्हणाले, एवढं खरं एका कागदावर लिहायचं नसते मॅडम. तिला वेतनवाढींचं दुःख झालं, नाही असं नाही. घराचे हप्ते होते. पण करिष्माने सातवीच्या प्रवेशाचा फॉर्म स्वतः येऊन नेला, आणि त्या दिवशी भारतीला जेवण गोड लागलं.

मार्चात एका सकाळी घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. भारती व्हरांड्यात उभी होती. फाटकाशी बोरंवाल्या म्हातारीकडे सोनिका आणि दोन मैत्रिणी भावावरून वाद घालत होत्या. मैत्रिणी घंटा ऐकून पळाल्या. सोनिका मात्र खिसा भरून घेऊन, सावकाश, कुबडी टेकत रॅम्पवरून वर आली. वाटेत वळणावर थांबून तिने एक बोर तोंडात टाकलं.

"सोनिका," भारती म्हणाली, "घंटा कधीची झाली. रोज पाहून राहिली मी. उद्या उशीर केला तर बाहेर उभी करीन."

सोनिका चपापली. एवढी वर्षं तिला उशीर झाला की सगळे वाट पाहायचे, गोड बोलायचे, येऊ दे बिचारीला म्हणायचे. शाळेत तिला कुणी रागावलं ते आजच. तिने मान खाली घातली, सॉरी म्हणाली आणि गाल फुगवून वर्गाकडे निघाली. जाता जाता तिने बोराची बी नव्या कोब्यावर थुंकली. भारतीने तिला परत बोलावलं आणि उचलायला लावली.